मोठा आवाज आणि स्वरतंतु



"घसा बसला" हे शब्द ज्या घरांत कधीं ऐकूं आले नाहींत असें घर आपल्या महागांवांत सांपडणार नाहीं. शाळेच्या क्रीडास्पर्धा आटोपल्या कीं दुसऱ्या दिवशीं हजेरीच्या वेळीं अर्ध्या वर्गाच्या तोंडून "हजर" हा शब्द नीट उमटत नाहीं. पीक हातीं येण्याच्या दिवसांत रोही व रानडुकरें हांकण्यासाठीं जागलीस गेलेला शेतकरी पहांटे घरीं परततो तो फाटलेला आवाज घेऊनच. बाजारांत दिवसभर भाव पुकारणारा भाजीवाला, रात्रभर टाळ घेऊन उभा असलेला भजनी आणि एकामागून एक पांच तासिका शिकविणारा शिक्षक, या सर्वांची तक्रार एकच असते. यांपैकीं कित्येकांची भाकरी आवाजावर अवलंबून आहे; म्हणून ही तक्रार हंसण्यावारी नेण्यासारखी नाहीं.

घसा बसतो म्हणजे नेमकें काय होतें? मोठ्यानें बोलल्यानें घशांतील इंद्रियावर काय परिणाम होतो? आणि तें इंद्रिय आधींच आजारी असेल तर तोच मोठा आवाज त्याचें काय करतो? या तीन प्रश्नांचा विचार आपण या पाठांत करूं.

स्वरयंत्राची रचना

मान किंचित् वर करून गळ्याचा पुढचा भाग बोटांनीं चांचपून पहा. मध्यभागीं कूर्चेचा एक कठीण उंचवटा लागेल. त्याच्या आंत, श्वासनलिकेच्या अगदीं तोंडाशीं, स्वरयंत्र आहे. बोट तेथेंच ठेवून "स्स्स" असा ध्वनि काढा. बोटास कांहीं जाणवणार नाहीं. आतां "झ्झ्झ" म्हणा. बोटाखालीं भुंग्यासारखी गुणगुण जाणवेल. ही गुणगुण म्हणजेच स्वरतंतूंचें कंपन होय.

"तंतु" या शब्दानें सतारीच्या तारेची आठवण होते, व येथेंच पुष्कळांची समजूत चुकते. स्वरतंतु हे ताणून बांधलेले दोरे नाहींत. स्वरयंत्राच्या डाव्या व उजव्या बाजूंनीं आंत आलेल्या त्या दोन मांसल घड्या आहेत. पुढच्या टोंकास त्या एकमेकींस जोडलेल्या असतात व मागच्या टोंकास मोकळ्या असतात. श्वास घेतांना त्या चिमट्यासारख्या उघडतात व बोलतांना मिटतात. त्यांची लांबी पुरुषांत सुमारें दीड ते दोन सेंटिमीटर व स्त्रियांत सुमारें एक ते दीड सेंटिमीटर असते. एवढ्याशा इंद्रियावर मनुष्याचें सारें बोलणें, गाणें व रडणें चालतें.

प्रत्येक घडीच्या गाभ्यांत स्नायु असतो, वर पातळ व ओलसर त्वचा असते, आणि या दोहोंच्या मध्यें मऊ, लिबलिबीत थर असतो. जपानांतील कुरुमे येथील डॉक्टर मिनोरू हिरानो यांनीं १९७४ सालीं या रचनेचें महत्त्व दाखवून दिलें. गाभा घट्ट व आवरण सैल असल्यामुळें आवरण गाभ्यावर मोकळेपणानें लहरूं शकतें. कोमट दुधावर फुंकर घातली असतां साय जशी लहरते, तशीच ही लहर घडीच्या खालच्या कांठापासून वरच्या कांठाकडे जाते. आवाजाचा गोडवा या लहरीवर पुष्कळ अंशीं अवलंबून आहे. साय घट्ट झाली किंवा तिच्यांत गुठळी आली कीं लहर मोडते. आवाज घोगरा होतो तो यामुळें.

आवाज कसा निघतो

एक फुगा फुगवून त्याचें तोंड दोन्ही हातांच्या चिमटींत धरून ताणा. हवा बाहेर पडतांना फुगा किंचाळतो. रबराच्या दोन्ही कडा हवेच्या दाबानें उघडतात, लगेच आपल्या लवचिकपणानें मिटतात, पुन्हां उघडतात. हें इतक्या जलद घडतें कीं त्याचा स्वर होतो. आपल्या कंठांतहि असेंच घडतें. मेंदु प्रत्येक कंपनासाठीं निराळी आज्ञा पाठवीत नाहीं. घड्या जवळ आणणें व त्यांस योग्य तितका ताण देणें हें मेंदूचें काम. पुढचें सर्व काम फुप्फुसांतून येणारा वारा व घड्यांचा लवचिकपणा मिळून करतात. हॉलंडमधील शास्त्रज्ञ फान डेन बर्ग यांनीं १९५८ सालीं हा सिद्धान्त व्यवस्थित मांडला, आणि तोच आज सर्वमान्य आहे.

ही कंपनें मोजलीं तर नवल वाटतें. साधारण बोलण्यांत प्रौढ पुरुषाचे स्वरतंतु सेकंदाला सुमारें १०० ते १२५ वेळां, स्त्रीचे सुमारें २०० वेळां व लहान मुलांचे २५० वेळां किंवा त्याहूनहि अधिक मिटतात. आतां एक त्रैराशिक करूं. एखाद्या शिक्षिकेची तासिका ४० मिनिटांची आहे, व तींत प्रत्यक्ष स्वर निघण्याचा काळ केवळ १० मिनिटें आहे असें धरूं. दहा मिनिटें म्हणजे ६०० सेकंद. ६०० गुणिले २०० म्हणजे १,२०,०००. एका तासिकेंत एक लक्ष वीस हजार टाळ्या, आणि पांच तासिकांत सहा लक्ष! हातांनीं इतक्या टाळ्या वाजविण्याची कल्पना करा, म्हणजे स्वरतंतूंच्या सोशीकपणाची ओळख पटेल.

मोठा आवाज म्हणजे काय

आवाजाची उंची व आवाजाचा मोठेपणा या दोन गोष्टी भिन्न आहेत. सेकंदाला किती कंपनें होतात यावर उंची, म्हणजे पट्टी, ठरते. प्रत्येक कंपन किती जोराचें आहे यावर मोठेपणा ठरतो. वरच्या पट्टींतहि हळू गातां येतें व खालच्या पट्टींतहि मोठ्यानें गातां येतें. मात्र ओरडतांना या दोन्ही गोष्टी बहुधा एकदमच वाढतात.

मोठेपणाचें मूळ घड्यांच्या खालीं सांचलेल्या वाऱ्याच्या दाबांत आहे. हा दाब घरच्या घरीं मोजतां येतो. उंच पेल्यांत पाणी घेऊन त्यांत एक नळी सात सेंटिमीटर खोल उभी बुडवा व हळूहळू फुंका. पहिला बुडबुडा निघेल त्या क्षणीं तुमच्या तोंडांतील वाऱ्याचा दाब सात सेंटिमीटर पाण्याइतका झाला असें समजावें. साधें बोलण्यास सुमारें इतकाच दाब पुरतो. निरोगी मनुष्यास अगदीं हळू स्वर काढण्यास तीन-चार सेंटिमीटर पुरतात. नळी पंधरा सेंटिमीटर बुडवून फुंकून पहा, म्हणजे मोठ्यानें बोलतांना छातीस किती जोर करावा लागतो हें कळेल. ओरडणारा मनुष्य याच्याहि पुढें जातो.

दाब वाढला कीं स्वरतंतूंच्या हालचालींत तीन फरक पडतात. पहिला, घड्या एकमेकींपासून अधिक दूर फेंकल्या जातात. दुसरा, त्या परत येतांना अधिक वेगानें येऊन आदळतात. वारा एकदम तोडला गेल्यामुळें आवाजास धार येते व तो दूरवर पोंचतो. तिसरा, प्रत्येक आवर्तनांत त्या मिटलेल्या स्थितींत अधिक काळ राहतात. म्हणजे मोठ्या आवाजांत टाळ्या अधिक जोराच्या होतात, आणि दोन टाळ्यांमध्यें हातांस सुटी कमी मिळते. जोरानें टाळ्या पिटल्यावर तळहात लाल होतात. ओरडल्यावर स्वरतंतु सुजतात. सुजलेली घडी जड होते, तिच्यावरची लहर मंदावते, आणि आपण म्हणतों, घसा बसला. निरोगी घशांत ही सूज विश्रांतीनें उतरते.

डोळ्यांनीं पाहिलेला आवाज

हें सर्व कोणी पाहिलें, असें तुम्ही विचाराल. मॅन्युएल गार्सिया या नांवाचा एक प्रसिद्ध गायनशिक्षक होता. गातांना कंठांत काय घडतें हें पाहण्याची त्यास फार उत्कंठा होती. १८५४ सालीं त्यानें दंतवैद्याचा लांब दांड्याचा लहान आरसा गरम करून आपल्या पडजिभेपाशीं धरला, दुसऱ्या आरशानें सूर्यकिरण त्याजवर पाडले, आणि स्वतःचे स्वरतंतु हालतांना स्वतः पाहिले. १८५५ सालीं त्याचा हा शोध लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें वाचला गेला. हा शोध लावणारा वैद्य नव्हता, शिक्षक होता, हें आम्हां शिक्षकांस विशेष अभिमानाचें वाटतें. पुढें तो १९०६ सालीं, वयाच्या १०१ व्या वर्षीं मरण पावला.

पण सेकंदाला शंभर-दोनशें वेळां हालणारी वस्तु डोळ्यास नुसती धूसर दिसते. चित्रपटांत धांवत्या गाडीचें चाक कधीं स्थिर, तर कधीं उलट फिरतांना दिसतें, हें तुम्हीं पाहिलें असेल. याच तत्त्वावर, लुकलुकणाऱ्या प्रकाशांत स्वरतंतूंची हालचाल संथ दिसेल अशी युक्ति जर्मनींत एर्टेल यानें १८७८ सालीं योजिली. सुधारलेल्या रूपांत ही युक्ति आजहि रुग्णालयांत वापरतात. तिची एक मर्यादा आहे. कंपन नियमित असेल तरच हें संथ चित्र नीट दिसतें, आणि आजारी स्वरतंतूंचें कंपन तर पुष्कळदां अनियमित असतें. १९४० च्या सुमारास अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत सेकंदाला सुमारें ४,००० चित्रें घेऊन ही अडचण प्रथम दूर करण्यांत आली. आजचे शीघ्रगति कॅमेरे सेकंदाला हजारों चित्रें घेतात, व प्रत्येक टाळी निराळी करून दाखवितात.

आजारी स्वरतंतु व मोठा आवाज

आतां आपल्या तिसऱ्या प्रश्नाकडे वळूं. निरोगी घड्यांस मोठा आवाज थकवितो, पण आजारी घड्यांस तो काय करतो? याचें उत्तर सर्व आजारांत एक नाहीं. तीन उदाहरणें घेऊं.

पहिलें उदाहरण गांठींचें. रोज ओरडण्याची संवय असलेल्या मुलांत, तसेंच शिक्षिका व गायिका यांच्यांत हा विकार अधिक आढळतो. घडीचा जो भाग कांपतो त्याच्या मध्यावर आघात सर्वांत जोराचा होतो. तेथें आधीं सूज येते व पुढें दोन्ही घड्यांवर समोरासमोर घट्ट्यासारख्या लहान गांठी होतात. नांगर धरणाऱ्याच्या हातास घट्टे पडतात तसेंच हें. मग घड्या मिटूं लागल्या कीं गांठी एकमेकींस आधीं टेकतात, आणि त्यांच्या पुढें व मागें फट राहते. वरून पाहिलें तर हा आकार डमरूसारखा दिसतो. फटींतून वारा निसटतो व आवाज घोगरा, वारा मिसळलेला येतो.

येथें एक विलक्षण फसवणूक होते, व या पाठांतील हा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. सुजलेली, जड घडी थोड्या दाबानें हालतच नाहीं. निरोगी मनुष्यास तीन-चार सेंटिमीटरचा दाब पुरतो, तर गांठी असलेल्यास त्याहून पुष्कळ अधिक लागतो. म्हणून असा मनुष्य हळू बोलूं लागला कीं त्याचा आवाज तुटतो, मध्येंच नुसता वारा येतो. तोच मोठ्यानें बोलला कीं दाबाच्या जोरावर घड्या कशाबशा मिटतात आणि आवाज जरा मोकळा वाटतो. त्यास वाटतें, "मोठ्यानें बोललों कीं माझा घसा सुटतो." म्हणून तो अधिकच मोठ्यानें बोलतो, आघात वाढतो, गांठी वाढतात, आणि उद्यां त्यास आजच्याहून अधिक जोर करावा लागतो. हें रहाटगाडगें एकदां फिरूं लागलें कीं तें आपोआप थांबत नाहीं.

थोडक्यांत, मोठा आवाज या रोगास झांकतो व हळू आवाज त्यास उघडा पाडतो. म्हणूनच जाणता डॉक्टर रोग्यास केवळ "आ" म्हणावयास लावून थांबत नाहीं. तो त्यास हळू, नेहमीच्या व मोठ्या अशा तिन्ही आवाजांत बोलावयास सांगतो, आणि प्रत्येक वेळीं घड्या किती दूर जातात, कितपत मिटतात व लहर कोठें अडते हें पाहतो. केवळ मोठ्या आवाजांत केलेली तपासणी लहानशी सूज नजरेआड करूं शकते.

दुसरें उदाहरण एका घडीच्या लुळेपणाचें. स्वरयंत्राकडे जाणारा डावा मज्जातंतु छातींत उतरून हृदयापासून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीस वळसा घालतो व पुन्हां वर येतो. मानेंतील किंवा छातींतील रोगानें, अथवा तेथील शस्त्रक्रियेंत या मज्जातंतूस इजा झाली, तर एक घडी जागच्या जागीं पडून राहते. एका हातानें टाळी वाजत नाहीं. असा मनुष्य जोर करूं लागला तरी फटींतून वाराच निघून जातो. लुळी घडी वाऱ्यांत फडफडते, दोन्ही घड्यांचा मेळ बसत नाहीं, आणि चार वाक्यांत त्यास धाप लागते. येथें नुसता दाब वाढवून भागत नाहीं; घड्या जवळ आणण्याचा उपाय, व्यायामानें अथवा शस्त्रक्रियेनें, करावा लागतो.

तिसरें उदाहरण या दोहोंच्या उलट आहे. कंपवाताच्या वृद्ध रोग्यांचा आवाज दिवसेंदिवस क्षीण होतो. घड्या पुरत्या मिटत नाहींत, आणि आपण हळू बोलत आहों हें रोग्यास स्वतःस कळतहि नाहीं. अमेरिकेंत १९८७ सालीं लॉरेन रॅमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रोग्यांसाठीं एक उपचार बसविला, व ली सिल्व्हरमन या रुग्ण स्त्रीचें नांव त्यास दिलें. त्याचें सूत्र एकच: मोठ्यानें बोला. आठवड्यांतून ४ दिवस, असे ४ आठवडे, एकूण १६ बैठकांत रोग्याकडून चांगला, मोकळा, मोठा आवाज काढून घेतात. त्यायोगें घड्या नीट मिटूं लागतात व बोलणें स्पष्ट होतें. गांठींच्या रोग्यास जें विष तेंच येथें औषध ठरतें. म्हणून शेजाऱ्याच्या घशास गुण आला तो उपाय आपल्या घशास लावूं नये. आधीं घसा पाहून घ्यावा.

दोन गवई

आपल्या महाराष्ट्राच्या संगीताच्या इतिहासांत या विषयाशीं निगडित अशा दोन गोष्टी आहेत.

उस्ताद अल्लादियाखांसाहेब यांचा जन्म १८५५ सालचा. तरुणपणीं आमलेटा नांवाच्या लहान संस्थानांत दरबारी गवई असतांना तेथील अधिपतीच्या हौसेखातर त्यांस दिवसचे दिवस तासन्‌तास गावें लागे. त्या अतिश्रमानें त्यांचा आवाज गेला. पुढें तो परत आला, परंतु पूर्वीचा गोडवा परत आला नाहीं. दुसरा कोणी असता तर जुना आवाज ओढूनताणून आणण्याच्या नादांत उरलेलाहि घालवून बसला असता. खांसाहेबांनीं नव्या आवाजास साजेल अशी नवी गायकी घडविली. लयीशीं खेळणाऱ्या वक्र, बिकट ताना हें तिचें वैशिष्ट्य. १८९५ मध्यें छत्रपति शाहूमहाराजांच्या आश्रयास ते कोल्हापुरास आले, आणि केसरबाई केरकर व मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या शिष्यांच्या कंठांतून ती गायकी महाराष्ट्रभर पसरली. खांसाहेब १९४६ सालीं मुंबईंत निवर्तले.

दुसरी गोष्ट भास्करबुवा बखले यांची. लहानपणीं किर्लोस्कर नाटक मंडळींत ते गोड गळ्याचे बालनट होते. वयांत येतांना त्यांचा आवाज फुटला. या वयांत मुलग्यांचें स्वरयंत्र झपाट्यानें वाढतें, घड्या लांब व जाड होतात, आणि आवाज सुमारें एका सप्तकानें खालीं उतरतो. बुवांनीं मंडळी सोडून गुरूंच्या घरीं वर्षानुवर्षें धीरानें विद्या संपादन केली. पुढें अल्लादियाखांसाहेबांपाशींहि ते शिकले. १९११ सालीं पुण्यांत भारत गायन समाजाची स्थापना त्यांनींच केली. आठवी-नववींतील ज्या मुलांचा आवाज सध्यां मध्येंच चिरकतो, त्यांनीं लाजूं नये व जुनी पट्टी गांठण्यासाठीं जोर करूं नये. आवाज मोठा होत आहे. त्यास कांहीं महिने सवड द्यावी.

वर्गांतील गोंगाट

एत्येन लाँबार या फ्रेंच डॉक्टरानें १९११ सालीं एक गोष्ट दाखवून दिली. भोंवतालीं गोंगाट असला कीं मनुष्याचा आवाज त्याच्या इच्छेवांचून, त्याच्या नकळत चढतो. ही खूण पटविण्यास दूर जावयास नको. गिरणीशेजारीं उभे राहून दोघे बोलूं लागले कीं दोघांचेहि आवाज आपोआप वाढतात. मागच्या बांकांवरील चार मुलें कुजबुजूं लागलीं कीं शिक्षकाचा आवाज चढतो; तो चढला कीं कुजबुजणाऱ्यांस आपला आवाज चढवावा लागतो; आणि तासिकेच्या अखेरीस सर्वच ओरडत असतात.

याचें मोल कोण देतो? अमेरिकेंतील आयोवा व युटा या राज्यांत केलेली एक पाहणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. तींत शंभरांपैकीं सुमारें ५८ शिक्षकांनीं आपणांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां आवाजाचा विकार झाला असें सांगितलें. इतर व्यवसायांतील लोकांत हें प्रमाण शंभरांत सुमारें २९ होतें. सुताराचा हात दुखावला तर तो सर्वांस दिसतो. शिक्षकाचा स्वरतंतु दुखावला तर तो कोणास दिसत नाहीं. तो दुसऱ्या दिवशींहि वर्गावर उभा राहतो, व झांकून नेण्यासाठीं अधिकच मोठ्यानें बोलतो. त्याचें पुढें काय होतें हें आपण वर पाहिलेंच आहे.

घशाची राखण

आतां कांहीं उपयुक्त सूचना देतों. त्या विद्यार्थ्यांइतक्याच पालकांसाठींहि आहेत.

घसा बसला असतां प्रथम बोलणें कमी करावें. पुष्कळजण अशा वेळीं जोर देऊन कुजबुजतात. पण त्यानें स्वरयंत्र आवळलें जाण्याचा संभव असतो. त्यापेक्षां थोडें, सौम्य, नेहमीच्या पट्टींत बोलावें.

वारंवार खांकरण्याची संवय सोडावी. खांकरणें म्हणजे दोन्ही घड्या एकमेकींवर घासणें होय. त्याऐवजीं एक घोट पाणी गिळावें. पाणी स्वरतंतूंस प्रत्यक्ष लागत नाहीं, कारण तें मागच्या अन्ननलिकेंतून जातें. तरी शरीरांत पाणी पुरेसें असलें म्हणजे घड्यांवरचा ओलावा टिकतो. आपल्या भागांतील उन्हाळ्यांत हें विशेष ध्यानांत ठेवावें.

दूरच्या माणसास हांक मारण्यापेक्षां चार पावलें त्याच्याजवळ जावें. मैदानावर शिट्टी वापरावी. जागलीच्या शेतकऱ्यानें रात्रभर ओरडण्याऐवजीं पत्र्याचा डबा वाजवावा. मोठ्या वर्गावर लहान ध्वनिवर्धक वापरण्यांत शिक्षकानें कमीपणा मानूं नये. ज्यांस मोठ्यानें बोलणें चुकत नाहीं, त्यांनीं घसा न आवळतां पोटांतून श्वास घेऊन, तोंड चांगलें उघडून बोलण्यास शिकावें. तोंड व घसा यांच्या पोकळींत स्वर घुमला कीं थोड्या दाबांत तो दूर जातो.

पेल्यांतील नळीचा आणखी एक उपयोग आहे. नळी दोन-तीन सेंटिमीटर बुडवून तींतून "ऊऽऽ" असा हळुवार स्वर काढीत बुडबुडे सोडावे. पाण्याच्या उलट दाबामुळें घड्या मृदुपणें मिटतात व कंपन चालूं राहतें. फिनलंडमध्यें अशा नळीचे व्यायाम फार वर्षांपासून प्रचारांत आहेत, व आज वाणीचिकित्सक जगभर ते सांगतात. मुलांच्या गांठींवर तर शस्त्रक्रियेची गरज क्वचितच पडते. बोलण्याची रीत सुधारली कीं त्या बहुधा हळूहळू कमी होतात.

शेवटची सूचना सर्वांत गंभीर आहे. सर्दी-पडसें नसतां घसा तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ बसलेला राहिला, तर यवतमाळ किंवा नांदेड येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत कान-नाक-घशाच्या डॉक्टरास अवश्य दाखवावें. घरांतील कोणी खर्रा, तंबाखू किंवा विडी यांच्या अधीन असेल तर तितकेहि दिवस थांबूं नये. स्वरयंत्राच्या कर्करोगाची पहिली खूण पुष्कळदां नुसता बसलेला आवाज हीच असते. ती आरंभींच ओळखली तर हा रोग बरा होण्याची आशा चांगली असते. मुलांनो, वडिलांचा अथवा आजोबांचा आवाज महिनाभर बदललेला वाटला, तर तो प्रथम तुमच्याच कानांस जाणवेल. संकोच न करतां घरांत सांगा.

अभ्यासासाठीं

१. एक मुलगा सेकंदाला २५० कंपनें होतील अशा पट्टींत अर्धा तास सतत ओरडला, तर त्याच्या स्वरतंतूंचे आघात किती झाले?

२. गांठी असलेल्या रोग्यास मोठ्यानें बोलणें सोपें व हळू बोलणें कठीण कां वाटतें? आपल्या शब्दांत लिहा.

३. आठवडाभर घरांतील प्रत्येकाचा आवाज लक्षपूर्वक ऐका. कोणाचा आवाज सकाळीं मोकळा व सायंकाळीं बसलेला असतो? तो मनुष्य दिवसभर कोठें व कोणत्या गोंगाटांत बोलतो याची नोंद करा.

तिसरा प्रश्न पालकांनींहि मुलांबरोबर बसून सोडवावा. पुष्कळ घरांत त्याच्या उत्तरांत आईचें नांव येईल: पहांटेपासून चुलीपाशीं, विहिरीवर, रानांत व अंगणांत सर्वांस हांका मारणारी तीच असते. पहिल्या हांकेस "ओ" देणें एवढें तर प्रत्येक मुलास करतां येईल. तेवढ्यानेंहि तिच्या घशास दिवसाकाठीं पुष्कळ विसांवा मिळेल.